आफ्रिकेंतील मुखवटे व त्यांचा अर्थ

मुखवटा हा शब्द मराठींत दोन निरनिराळ्या अर्थांनीं चालतो. एखाद्या ढोंगी माणसाचा मुखवटा गळून पडला, असें आपण म्हणतों, तेव्हां मुखवटा म्हणजे खरा चेहरा झांकणारें खोटें तोंड, हा अर्थ आपल्या मनांत असतो. परंतु गौरीचा मुखवटा किंवा खंडोबाचा मुखवटा असें म्हणतांना त्याच शब्दाचा अर्थ अगदीं उलट होतो. तेथें मुखवटा कांहीं लपवीत नाहीं. जें एरवीं डोळ्यांस दिसत नाहीं, त्याला तो रूप देतो. आफ्रिका खंडांतील मुखवट्यांविषयीं जगांत जे गैरसमज पसरले, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ एवढेंच आहे कीं, पाहणाऱ्यांनीं त्यांस पहिला अर्थ लावला. प्रस्तुत लेखांत दुसरा अर्थ ध्यानांत ठेवून त्यांच्याकडे पाहण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आफ्रिका हा देश नव्हे. तें ५४ स्वतंत्र राष्ट्रांचें खंड आहे, आणि तेथें हजाराहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यामुळें ‘आफ्रिकेचा मुखवटा’ अशी एकच वस्तु असणें शक्य नाहीं. मुखवट्यांची परंपरा मुख्यतः पश्चिम व मध्य आफ्रिकेंत, म्हणजे नायजर आणि कांगो या महानद्यांच्या खोऱ्यांत व त्यांच्या आसपास, शेती करून राहणाऱ्या लोकांत आढळते. पूर्वेकडील व दक्षिणेकडील पुष्कळ गुरें पाळणाऱ्या समाजांत ती जवळजवळ नाहीं. म्हणून आपण सर्व खंडाविषयीं ढोबळ विधानें न करतां पांच-सहा लोकसमूहांचीं उदाहरणें घेऊं, आणि प्रत्येक ठिकाणीं मुखवटा कोणतें काम करतो, तें पाहूं.

मुखवटा म्हणजे केवळ लाकूड नव्हे

युरोपांतील किंवा अमेरिकेंतील मोठ्या संग्रहालयांत कांचेच्या कपाटामध्यें लाकडी चेहरे मांडून ठेवलेले असतात. खालीं एका चिठ्ठीवर ते बनविणाऱ्या लोकांचें नांव लिहिलेलें असतें. तें वाचून आपण मुखवटा पाहिला, असें प्रेक्षकास वाटतें. वस्तुतः त्यानें पाहिलेला असतो तो मुखवट्याचा एक अवयव. तोच मुखवटा जेव्हां आपल्या गांवीं निघतो, तेव्हां त्या लाकडी चेहऱ्याखालीं तंतूंचा, पानांचा किंवा वस्त्रांचा अंगभर पेहराव असतो. पायांत वाजणारे वाळे असतात. ढोल त्याला पुढें बोलावतात, गाणारे त्याचें नांव घेतात, बरोबरचे सेवक त्याला वाट मोकळी करून देतात, आणि भोंवतीं सर्व गांव उभा असतो. एवढें सगळें मिळून मुखवटा होतो. यांतील लाकूड तेवढें उचलून आणणें म्हणजे सतारीची तार आणून संगीत आणलें म्हणण्यासारखें आहे.

नैजेरियांतील योरुबा लोकांचा ‘एगुंगुन’ घ्या. हा पूर्वजांचा मुखवटा. परंतु त्यांत बहुधा लाकडी चेहरा नसतोच. कापडाच्या रंगीबेरंगी पट्ट्या थरावर थर देऊन शिवलेल्या असतात, आणि तोंडापुढें दाट जाळी असते. आंतील माणसाचें अंग तसूभरहि दिसत नाहीं. त्याचा आवाजहि नेहमींच्या माणसासारखा नसतो. तो घोगरा व परका लागतो. एगुंगुन गिरकी घेतो, तेव्हां पट्ट्या उडून चक्रासारख्या पसरतात, आणि त्यांचा जो वारा अंगावर येतो, तो पूर्वजांचा आशीर्वाद मानला जातो. वंशज जुन्या पट्ट्यांवर नवीं मौल्यवान वस्त्रें चढवीत जातात. त्यामुळें एक जुना एगुंगुन म्हणजे एका कुळाच्या अनेक पिढ्यांचा, कापडांत शिवलेला इतिहासच होय.

आतां कोणी विचारील, आंत शेजारचाच एखादा गृहस्थ आहे, हें त्या लोकांस कळत नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर चिनुआ आचेबे या इग्बो लेखकानें फार मार्मिकपणें दिलें आहे. आचेबे यांचे वडील ख्रिस्ती धर्माचे उपदेशक होते. तरी आपल्या लोकांचें जुनें जीवन त्यांनीं आदरानें अभ्यासिलें. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या त्यांच्या कादंबरींत, तंटे सोडविण्यासाठीं नऊ मुखवटाधारी पूर्वज सभेंत येऊन बसतात. त्यांपैकीं एकाची चाल कथानायकाच्या चालीसारखी आहे, आणि तो स्वतः तर वडीलधाऱ्यांच्या रांगेंत दिसत नाहीं, हें त्याच्या बायकांच्या ध्यानांत आलें असेल. पण आलें असलें तरी त्या तें मनांतच ठेवतात. हें अज्ञान नव्हे. याला आपल्या भाषेंत फार चांगला शब्द आहे. तो म्हणजे मर्यादा. आंत कोण आहे, हें जाणूनहि जो आला आहे तो पूर्वजच होय, असें मानून वागण्याचें सर्वांनीं ठरविलेलें असतें. न्याय करणारा उद्यां शेजारी म्हणून भेटणार असतो. म्हणून न्याय त्याच्या तोंडून नव्हे, पूर्वजांच्या तोंडून यावा लागतो.

ब्वा लोकांच्या फळ्या

बुर्किना फासो या देशांत ब्वा नांवाचे शेतकरी लोक राहतात. त्यांचे मुखवटे दोन प्रकारचे आहेत. पहिला व अधिक जुना प्रकार पानांचा. रानांतील ताजीं पानें व वेली अंगाभोंवतीं बांधून ही आकृति सिद्ध होते, आणि तिचें काम संपलें कीं ती नष्ट करण्यांत येते. निसर्गाचा जोम गांवांत यावा आणि पुनः रानांत जावा, एवढाच तिचा हेतु. अर्थात् असा मुखवटा कोणत्याहि संग्रहालयांत नसतो. जगांतील संग्रह पाहून आफ्रिकेची कला समजली, असें म्हणणाऱ्यांनीं या पानांच्या मुखवट्याची आठवण ठेवावी.

दुसरा प्रकार लाकडी फळ्यांचा. एक वाटोळा चेहरा आणि त्याच्यावर माणसाहूनहि उंच गेलेली सपाट फळी, असें त्याचें रूप असतें. कांहीं मुखवट्यांत ही फळी आडवी असून दोन्ही बाजूंस पंखांसारखी पसरते. तें फुलपाखरूं होय. पहिल्या पावसानंतर फुलपाखरांचे थवे दिसूं लागतात, म्हणून त्याचा संबंध पेरणीशीं व सुबत्तेशीं आहे. या फळ्यांवर काळ्या, पांढऱ्या व तांबड्या रंगांनीं नागमोडी रेषा, चौकटी, वर्तुळें व फुल्या काढलेल्या असतात. नवख्या माणसास ती नुसती नक्षी वाटते. परंतु ब्वा मुलगा वयांत येतो, तेव्हां वडील माणसें त्याला गांवाबाहेर नेऊन या नक्षीचें वाचन शिकवितात. नागमोडी रेषा म्हणजे पूर्वजांची वाट. ती सरळ नाहीं. तिजवरून चालणें कठीण असतें आणि पाय घसरण्याचा संभव फार. बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी म्हणजे बसावयाचीं बकऱ्याचीं कातडीं. नुकतेंच ज्ञान मिळालेला तरुण नव्या, पांढऱ्या कातड्यावर बसतो. वृद्धाचें कातडें वर्षानुवर्षांच्या वापरानें व धुरानें काळें पडलेलें असतें. म्हणून येथें काळा रंग अज्ञानाचा नसून अनुभवाचा आहे! पांढरें तें ज्ञान व काळें तें अज्ञान, ही समजूत सर्व जगाची आहे, असें धरून चालणाऱ्यास ही फळी उलटी वाचली जाण्याचा धोका आहे.

शिवाय एकाच चिन्हाचे अर्थ वयाप्रमाणें वाढत जातात. लहानपणीं एक अर्थ सांगतात, पुढें त्याच्या पोटांतील दुसरा. एका दृष्टीनें ही फळी म्हणजे शाळेची पाटीच होय. फरक इतकाच कीं, तिच्यावरील धडा नाचून दाखविला जातो.

मेंडे स्त्रियांचा मुखवटा

लाकडी मुखवटा घालून नाचणें हें आफ्रिकेंत बहुतेक सर्वत्र पुरुषांचें काम आहे. अनेक ठिकाणीं तर स्त्रियांनीं मुखवट्याच्या जवळहि येऊं नये, असा कडक नियम आहे. या नियमास सुप्रसिद्ध अपवाद म्हणजे सिएरा लिओन व लायबेरिया या देशांतील ‘सांडे’ नांवाचें स्त्रियांचें मंडळ. मेंडे व त्यांच्या शेजारच्या लोकांत मुलगी वयांत आली कीं वडील स्त्रिया तिला या मंडळांत घेऊन गृहिणीचीं कर्तव्यें, औषधी, गाणीं व नृत्य शिकवीत. मंडळाचा मुखवटा काळा कुळकुळीत असून शिरस्त्राणाप्रमाणें सर्व डोक्यावर बसतो. तो कोरणारा सुतार पुरुष असला, तरी तो धारण करते ती स्त्रीच. कोरून झाल्यावर पानांच्या रंगानें तो काळा करतात आणि ताडाच्या तेलानें घोटून चकाकी आणतात.

हा मुखवटा म्हणजे आदर्श स्त्री कशी असावी, याविषयींचा एक लाकडी निबंधच आहे. कपाळ उंच व रुंद, कारण तें बुद्धीचें स्थान. डोळे खालीं झुकलेले. तोंड लहान व मिटलेलें, म्हणजे दुसऱ्याचें गुपित न फोडणारें. केसांची वेणीफणी अत्यंत निगुतीची, कारण केस विंचरण्यास मैत्रिणीचा हात लागतो. ज्या स्त्रीस मैत्रिणी आहेत तिचेच केस असे दिसतात. मानेवर वळ्या असतात. त्या निरोगी शरीराचें लक्षण आहेत, असें कोणी म्हणतात. दुसरे सांगतात कीं, ही देवता पाण्याच्या तळाशीं राहते. ती वर येते, तेव्हां तिच्या मानेभोंवतीं ज्या लाटा उठतात, त्यांचीं तीं वर्तुळें होत. दोन्ही अर्थ एकाच वेळीं खरे असण्यास तेथें कोणाची हरकत नसते. पायापर्यंत काळे तंतु लोंबत असतात, आणि ही आकृति बोलत नाहीं. तिच्या वतीनें बरोबरची स्त्री बोलते. सांडे मंडळाच्या सर्वच चाली आज निर्दोष मानल्या जातात, असें नाहीं. त्यांपैकीं कांहींविषयीं तेथील स्त्रियांतच तीव्र मतभेद आहेत. परंतु मुलींस त्यांच्या आईआजींच्या पिढीनें एका सुंदर वस्तूच्या द्वारें आपलें म्हणणें सांगावें, ही कल्पना आपण विचारांत घेण्यासारखी आहे.

मातांचा सन्मान

स्त्रियांच्या सामर्थ्यापुढें पुरुषांनीं नम्र व्हावें, यासाठीं भरविला जाणारा एक उत्सव योरुबा लोकांत आहे. त्याचें नांव ‘गेलेडे’. नैजेरियाच्या नैर्ऋत्य भागांत आणि बेनिन प्रजासत्ताकांतील केतू या जुन्या नगरीच्या आसपास तो चालतो. योरुबा लोक असें मानतात कीं, वृद्ध स्त्रियांच्या ठायीं एक गूढ शक्ति असते. त्या संतुष्ट असल्या, तर शेतें पिकतात व मुलें वांचतात. त्या रुष्ट झाल्या, तर सर्व नाश होतो. त्यांस ‘आमच्या माता’ असें आदरानें म्हणतात. हंगाम हातीं आल्यावर, तसेंच अवर्षण किंवा रोगाची सांथ आल्यास, त्यांच्या प्रीत्यर्थ गेलेडे होतो.

उत्सवाच्या आदल्या रात्रीं ‘एफे’ नांवाचा मुखवटाधारी गायक गांवाच्या चौकांत येतो. तो आधीं मातांस वंदन करतो, गांवाचें कल्याण इच्छितो, आणि मग गेल्या वर्षांत ज्यांनीं लोभ, लबाडी किंवा अन्याय केला, त्यांचीं बिंगें गाण्यांतून बाहेर काढतो. मुखवटा असल्यामुळें त्याच्यावर कोणी रागावूं शकत नाहीं. श्रीमंतालाहि आपली फजिती हसत ऐकून घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशीं नृत्य होतें. नाचणारे सर्व पुरुष असतात, पण वेष स्त्रियांचा घेतात, आणि त्यासाठीं लागणारीं वस्त्रें ते गांवांतील बायकांकडूनच मागून आणतात. डोक्याला बांधावयाचे रुमाल आणि मूल पाठीस बांधून नेण्याचीं फडकीं अंगाभोंवतीं गुंडाळून हा पेहराव सिद्ध होतो. ज्या फडक्यानें आईनें आपल्याला पाठीवर वाहिलें, तेंच पांघरून तिच्यापुढें नाचावयाचें, याहून कृतज्ञतेची उघड खूण कोणती?

गेलेडेचा लाकडी मुखवटा टोपीसारखा माथ्यावर बसतो. त्याचा खालचा भाग म्हणजे एका शांत, स्थिर दृष्टीच्या स्त्रीचा चेहरा. त्यावर मात्र सुतार आपल्या कल्पनेस मोकळें सोडतो. पक्षी व साप यांची झुंज, बाजारांत बसलेली स्त्री, शिवणयंत्र, मोटारसायकल, विमान, जें जें गांवाच्या जीवनांत येतें, तें तें या चेहऱ्यावर चढतें. वर केवढीहि गडबड असो, खालचा चेहरा ढळत नाहीं. नाचणारे बहुधा जोडीनें येतात, आणि त्यांच्या पायांतील धातूचे वाळे ढोलाच्या बोलाशीं तंतोतंत जुळावे लागतात. पाऊल चुकलें, तर प्रेक्षकांस तें लागलीच कळतें. युनेस्को या जागतिक संस्थेनें २००१ सालीं गेलेडेस मानवजातीच्या श्रेष्ठ वारशांत मान दिला, आणि २००८ सालीं त्याचें नांव तिच्या यादींत समाविष्ट झालें.

मृतांस निरोप

मालि देशांत बांदियागारा नांवाचा उंच कडा आहे. त्याच्या पायथ्याशीं व माथ्यावर डोगोन लोकांचीं गांवें वसलेलीं आहेत. त्यांच्यांत माणूस मेल्यावर त्याचा आत्मा लागलाच निघून जात नाहीं; तो घराभोंवतीं घुटमळत राहतो, अशी श्रद्धा आहे. त्यास मानानें पूर्वजांच्या लोकीं पोंचविण्यासाठीं ‘दामा’ नांवाचा विधि करतात. त्याला धान्य व खर्च फार लागतो. म्हणून कित्येकदां कांहीं वर्षें थांबून अनेक मृतांचा दामा एकत्र केला जातो. त्या प्रसंगीं नाना प्रकारचे मुखवटे घराच्या गच्चीवर व चौकांत नाचतात. ‘सिरिगे’ मुखवट्याची फळी चार मीटरांहूनहि उंच असते. आंतील आडवी काठी दांतांत धरून नाचणारा ती तोलतो, आणि पुढें वांकून तिचें टोंक जमिनीस टेकवितो. ‘कानागा’ मुखवट्यावर उभ्या दांड्यास दोन आडव्या पट्ट्या असतात. मुलांस सांगतात कीं, तो पंख पसरलेला पक्षी आहे. अधिक शिकलेल्यास सांगतात कीं, वरची पट्टी आकाशाकडे आणि खालची पृथ्वीकडे हात करणाऱ्या स्रष्ट्याची ती खूण आहे. नाचणारा कमरेंत वांकून मुखवट्याचें टोंक जमिनीवरून वर्तुळाकार फिरवितो, तेव्हां धूळ उडते आणि क्षणभर कांहीं दिसत नाहीं.

याहून मोठा उत्सव म्हणजे ‘सिगी’. तो ६० वर्षांनीं एकदां सुरू होतो, आणि एका गांवाहून दुसऱ्या गांवीं असा कित्येक वर्षें चालतो. डोगोन लोकांच्या पहिल्या मृत पूर्वजाचें हें स्मरण. त्यासाठीं सर्पाच्या आकाराचा, अनेक मीटर लांबीचा एक महामुखवटा कोरतात. तो कोणी घालीत नाहीं. तो गुहेंत ठेवावयाचा असतो. ज्यांस या विधींची दीक्षा मिळते, ते ‘सिगी सो’ नांवाची निराळी भाषा शिकतात. मागील सिगी १९६७ ते १९७३ या काळांत झाला, आणि झां रूश या फ्रेंच चित्रपटकारानें त्याचीं चित्रें घेऊन ठेवलीं आहेत. ६० वर्षांचा हिशेब धरला, तर पुढील सिगीचा काळ २०२७ च्या सुमारास येतो. एका माणसाच्या आयुष्यांत हा उत्सव बहुधा एकदांच यावयाचा. दोनदां पाहणारा भाग्यवान्. १९६७ सालीं जीं मुलें आईच्या कडेवर होतीं, तींच आतां सांगणारीं वृद्ध माणसें झालीं आहेत. परंतु २०१२ सालीं मालि देशांत सशस्त्र कलह पेटला, आणि पुढें त्याची झळ डोगोन गांवांसहि पोंचली. ज्यांनीं पाहिलें, त्यांनीं पुढच्यांस सांगावें, आणि पुढच्यांनीं तें ऐकण्यास गांवांत राहिलेलें असावें, या दोन नाजूक धाग्यांवर सर्व परंपरा उभी असते.

चेवा लोकांचें महानृत्य

आतां आपण पश्चिम आफ्रिका सोडून आग्नेय दिशेस येऊं. मलावि, झांबिया व मोझांबिक या देशांतील चेवा लोकांत ‘गुले वामकुलु’ म्हणजे महानृत्य प्रसिद्ध आहे. हें नृत्य ‘न्याउ’ नांवाच्या पुरुषमंडळाच्या हातीं असतें. लग्न, अंत्यविधि, राजाची स्थापना, तरुणांची दीक्षा व जुलैमधील सुगी या प्रसंगीं तें होतें. त्यांतील पात्रांची यादी मोठी मौजेची आहे. रानटी पशु आहेत, मृतांचे आत्मे आहेत, गुलामांचा व्यापार करणारे आहेत. आणि अलीकडे मोटारसायकल व हेलिकॉप्टर हींहि पात्रें झालीं आहेत. जें जें गांवावर बाहेरून येऊन आदळलें, त्याला मुखवटा देऊन चौकांत नाचावयास लावावयाचें, ही चेवा लोकांची रीत. प्रत्येक पात्र कांहीं शिकवितें: कोणी लोभाचें फळ दाखवितो, कोणी दारुबाजाची नक्कल करतो. हसतां हसतां तरुणांस वागणुकीचे नियम कळतात.

या ठिकाणीं आपल्यासारख्या शाळेंतील वाचकांनीं एक गोष्ट प्रांजळपणें वाचली पाहिजे. पूर्वीच्या काळीं मलाविमधील ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं हें नृत्य बंद पाडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. न्याउ मंडळानें त्याला उत्तर दिलें, तेंहि मुखवट्यांनींच. मरिया व सायमन या नांवांचीं पात्रें नृत्यांत आलीं, आणि नृत्य टिकून राहिलें. पुढें काळ बदलला. १९७६ सालीं मुआ येथील मिशनच्या आवारांत क्लोद बूशे या कॅनडांतून आलेल्या धर्मगुरूंनीं ‘कुंगोनी’ हें कलाकेंद्र स्थापिलें. तेथील संग्रहालयांत गुले वामकुलुचे मुखवटे आदरानें जपले गेले, आणि त्यांचे अर्थ गांवकऱ्यांकडून विचारून लिहून ठेवण्यांत आले. एका पिढीनें जें टाकून द्यावयास सांगितलें, तेंच दुसरीनें समजून घेण्यासाठीं हातीं घेतलें.

उतरविलेले मुखवटे

आचेबे यांच्या ज्या कादंबरीचा उल्लेख वर आला, तींत एक भयंकर प्रसंग आहे. ईनॉक नांवाचा एक अत्युत्साही नवख्रिस्ती तरुण भर लोकांत एका पूर्वजाचा मुखवटा ओढून काढतो. इग्बो लोकांच्या दृष्टीनें तें कापड ओढणें नव्हे, पूर्वजाची हत्याच होय. त्या रात्रीं सर्व गांवावर आकांत पसरतो, आणि दुसऱ्या दिवशीं मुखवटाधारी येऊन ईनॉकचें घर व तेथील देऊळ जमीनदोस्त करतात. लेखक दोन्ही बाजूंस नीट ओळखतो. म्हणून वाचकास कोणाचाहि सूड गोड वाटत नाहीं. मर्यादा एकदां तुटली म्हणजे दोन्हीकडचें काय काय मोडतें, हेंच त्यांतून दिसतें.

परंतु मुखवटा उतरविण्यास हातच लागतो, असें नाहीं. गॅबन व त्याच्या शेजारच्या देशांतील फांग लोकांचें ‘न्गील’ नांवाचें एक मंडळ होतें. पांढऱ्या मातीनें माखलेला, लांबट, गंभीर चेहऱ्याचा त्याचा मुखवटा रात्रीं मशालींच्या उजेडांत येई व अपराध्यांचा शोध करी. पांढरा हा तेथें मृतांचा रंग. विसाव्या शतकाच्या आरंभीं वसाहतीच्या सरकारच्या दडपणाखालीं हें मंडळ नाहींसें झालें. न्यायसभाच उठली, तेव्हां न्यायाधीशाचा चेहरा ही केवळ एक वस्तु उरली, आणि वस्तु विकतां येते.

त्याच सुमारास पॅरिसमधील तरुण चित्रकारांस आफ्रिकेंतील कामाचा शोध लागला. १९०६ च्या सुमारास व्लामिंक यांनीं फांग लोकांचा एक पांढरा मुखवटा मिळविला आणि तो आपले मित्र देरें यांस विकला. १९०७ सालीं पिकासो यांनीं त्रोकादेरो येथील संग्रहालयांत असे मुखवटे पाहिले, आणि त्याच वर्षीं त्यांनीं जें मोठें चित्र रंगविलें, त्यांतील दोन स्त्रियांचे चेहरे मुखवट्यांसारखे तीक्ष्ण झाले. युरोपच्या चित्रकलेस यामुळें नवें वळण लागलें, हें निःसंशय. मात्र त्यांनीं पाहिला तो आकार. त्यामागचा ढोल त्यांस ऐकूं आला नव्हता. ज्या सुतारांच्या हातून हे आकार निघाले, त्यांचीं नांवेंहि बहुतेक कोणी विचारलीं नाहींत.

अगदीं अलीकडची गोष्ट पाहा. २०२१ सालीं फ्रान्समधील एका वृद्ध दांपत्यानें आपल्या घरांतील अडगळीबरोबर असाच एक न्गील मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास १५० युरोंस विकला. घराण्यांतील एक पूर्वज वसाहतीचा अधिकारी होता. त्यानें तो आफ्रिकेंतून आणलेला होता. मार्च २०२२ मध्यें माँपेलिये येथील लिलांवांत त्याच मुखवट्यास ४२ लक्ष युरोंची बोली आली. लिलांवाच्या दालनांत गॅबनचे कांहीं रहिवासी उभे राहून निषेध करीत होते. पुढें दांपत्यानें व्यापाऱ्याविरुद्ध दावा लावला, आणि गॅबन सरकारहि त्यांत उतरलें. परंतु डिसेंबर २०२३ मध्यें फ्रान्समधील न्यायालयानें दोघांचेंहि म्हणणें फेटाळलें. १५० युरो ही किंमत खरी, कीं ४२ लक्ष, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. पण ज्यांच्या गांवीं तो रात्रीं मशालीच्या उजेडांत येत असे, त्यांच्या लेखीं त्याची किंमत काय होती, हें दोन्ही आंकड्यांवरून कळत नाहीं.

समारोप

विद्यार्थिमित्रांनो, या सर्व उदाहरणांवरून काय दिसतें? ब्वा मुलास मुखवटा शिकवितो, मेंडे मुलीस तो आदर्श दाखवितो, योरुबा पुरुषांस नम्र करतो, डोगोन कुटुंबास शोक आवरण्यास मदत करतो, आणि चेवा गांवास स्वतःवर हसावयास लावतो. शाळा, न्यायसभा, नाट्यगृह, स्मशान व वर्तमानपत्र यांचीं कामें एकटा मुखवटा करतो. म्हणून त्याला केवळ ‘रानटी लोकांची मूर्ति’ म्हणणारे जितके चुकले, तितकेच त्याला केवळ ‘सुंदर शिल्प’ म्हणणारेहि चुकले. पहिल्यांनीं त्याचा अर्थ ऐकण्यापूर्वींच निकाल दिला. दुसऱ्यांनीं अर्थ विचारलाच नाहीं.

पुढें-मागें एखाद्या पुस्तकांत किंवा संग्रहालयांत आफ्रिकेंतील मुखवट्याचें दर्शन आपणांस घडलें, तर घाईनें पुढें जाऊं नका. हा कोणीं कोरला? कोणत्या दिवशीं हा बाहेर निघत असे? याच्या अंगावर कोणतें वस्त्र होतें, आणि त्याला बोलावणारा ढोल कसा वाजत होता? याला पाहण्याचा अधिकार कोणास होता, व कोणास नव्हता? आणि तो येथवर आला कसा; कोणी दिला, विकला, कीं उचलून आणला? या पांच प्रश्नांचीं उत्तरें चिठ्ठीवर नसतील. परंतु ते विचारणारा मनुष्य त्या लाकडापुढें थोडा अधिक अदबीनें उभा राहील, आणि परक्याच्या घरीं पाहुणा म्हणून गेल्यावर कसें वागावें, याचा पहिला धडा त्याला तेथेंच मिळेल.